ज्येष्ठांची शाळा : उत्तरायुष्यातील शिक्षण आणि संगत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव येतो, तेव्हा ती संस्था उभारणारी पिढी वार्धक्यात पोहोचलेली असते. ज्यांनी ऐन तारुण्यात दारोदार फिरून वर्गणी जमवली, सतरंज्या उचलल्या, पंगतीत वाढपे म्हणून राबले, तेच आज पहिल्या रांगेतील खुर्चीवर बसलेले असतात. अशा प्रसंगी त्यांचा शाल व श्रीफळ देऊन गौरव होतो आणि तो यथोचितच आहे. परंतु सत्कार एका दिवसाचा असतो. वर्षातील उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत या मंडळींनी काय करावे, कोणाशी बोलावे आणि कशाची वाट पाहावी, हा प्रश्न शालीने झाकला जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

शेळगाव आणि बारामती-इंदापूरचा हा परिसर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर फुलला. ऊस आला, साखर कारखाने आले, वालचंदनगरसारखी उद्योगनगरी उभी राहिली. त्या समृद्धीतून मुले शिकली आणि शिकलेली मुले पुण्या-मुंबईकडे व परदेशी गेली. घर मोठे झाले आणि माणसे कमी झाली. सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लक्ष होत्या. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते व महाराष्ट्रात ते त्याहून अधिक होते. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. आयुर्मान वाढले, ही विज्ञानाची देणगी होय. त्या वाढलेल्या वर्षांत आशय भरणे हे मात्र समाजाचे काम आहे.

परंपरेतील आधार

वृद्धापकाळी शिकणे ही कल्पना नवी अथवा परकी नाही. जैन परंपरेत स्वाध्यायाची गणना अंतरंग तपात केलेली आहे व त्यास वयाची मर्यादा घातलेली नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचावे, शंका विचारावी, मनन करावे, पाठ करावे आणि शेवटी दुसऱ्यास सांगावे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही हा क्रम विचार करण्याजोगा आहे. शिकणाऱ्याचा प्रवास ऐकण्यापाशी संपत नाही, तर तो सांगण्यापर्यंत पोहोचावा लागतो. त्याच तपांच्या यादीत स्वाध्यायाच्या अगोदर वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, येते. वृद्धांची सेवा आणि वृद्धांचा स्वाध्याय ही दोन्ही कार्ये एकाच छताखाली होऊ शकतात, याची ही जणू खूणच आहे.

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. स्त्रीशिक्षणाचे प्रचंड कार्य उभे केल्यानंतर विश्रांती घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तथापि १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्याचा ध्यास घेतला. पुढे १९४४ मध्ये समता संघाची स्थापना केली. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. कार्यातून निवृत्ती आणि नोकरीतून निवृत्ती या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

फांगणे गावची आजीबाईंची शाळा

कर्वे हे असामान्य होते, सामान्य माणसाला ते कसे जमावे, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावाने दिले. २०१६ च्या शिवजयंतीच्या सुमारास तेथील वृद्ध स्त्रियांनी, आपल्याला वाचता येत नाही, अशी खंत बोलून दाखवली. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांनी ती खंत मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाटी, दप्तर आणि गुलाबी साडीचा गणवेश पुरवला. साठ ते नव्वद वर्षांच्या सुमारे तीस आजी पाठीवर दप्तर टाकून शाळेत येऊ लागल्या. शिकवणारी शिक्षिका गावातीलच एक सून होती आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती.

या शाळेची छायाचित्रे देशोदेशी छापून आली. पुष्कळांनी ती कौतुकाने पाहिली व पुढचे पान उलटले. वस्तुतः तेथील व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. वर्ग दुपारी दोन ते चार या वेळेत भरे. सकाळी चूल आणि शेत, सायंकाळी गुरे आणि स्वयंपाक. मोकळी असते ती दुपारच. गणवेशामुळे कोणाची साडी जुनी आणि कोणाची नवी हा भेद मिटला. सर्वच जणी एकदम शिकू लागल्याने 'या वयात कसले शिकणे' असे हसणाऱ्यास हसण्यासाठी एकटी आजी सापडली नाही. शिकवणारी बाहेरची नव्हती, त्यामुळे चुकण्याची लाज वाटली नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकण्याचे प्रयोजन त्यांचे स्वतःचे होते. पोथी वाचावी, स्वतःची सही करावी, अंगठा पुढे करण्याची वेळ येऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

अंगठ्याची ही बाब क्षुल्लक नाही. ज्या स्त्रीने आयुष्यभर दस्तावर, सातबाऱ्याच्या अर्जावर, बँकेच्या चिठ्ठीवर अंगठा उमटवला, तिला आपण कशास संमती देत आहोत हे कधीच स्वतः पाहता आले नाही. आता तर यंत्रावरही अंगठा मागितला जातो, आणि कष्टाने झिजलेल्या बोटांच्या रेषा पुष्कळदा यंत्राला उमटत नाहीत. पेन्शन, हयातीचा दाखला, दूरध्वनीवर येणारा गुप्त क्रमांक या सर्वांसाठी तिला नातवाकडे किंवा परक्याकडे पाहावे लागते. क्रमांक परक्याला सांगितला की खाते रिकामे होते, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आजच्या काळी वृद्धांचे शिक्षण हा त्यांच्या पैशाच्या आणि मानाच्या रक्षणाचा प्रश्न झाला आहे.

केरळमधील कार्त्यायनी अम्मा यांनी २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, राज्याच्या साक्षरता परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण मिळवले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. सर्वांना असे गुण मिळणार नाहीत. मिळण्याची गरजही नाही. वयाने दार बंद केलेले नसते, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

टिकण्याचा प्रश्न

आरंभ सोपा असतो, टिकणे कठीण असते. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व ती पुढे राज्यभर पसरली. गावोगाव प्रौढांनी शपथपूर्वक अक्षरे गिरवली, गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले. पण समारंभानंतर ज्या गावांत वाचायला काही आले नाही, तेथे शिकलेली अक्षरे पुसली गेली. अक्षर हे विहिरीसारखे असते. उपसा थांबला की ते गाळाने भरते. केंद्र शासनाचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखण्यात आला असून त्यात पंधरा वर्षांवरील सर्वांना वाचन, लेखन व संख्याज्ञान स्वयंसेवकांमार्फत देण्याची योजना आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र परीक्षा झाल्यानंतर दर आठवड्याला हाती पडणारे मोठ्या टंकातील वाचन असले, तरच त्या परीक्षेला अर्थ राहील.

दुसरी अडचण शरीराची. वर्गात न येणाऱ्या वृद्धास 'आळशी' म्हणण्यापूर्वी त्याचा चष्मा आणि कान तपासावेत. फळ्यावरील अक्षर दिसत नाही, हे सांगण्याचा संकोच वाटून कित्येक जण दुसऱ्या दिवसापासून येणे सोडतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, परंतु बदलता येण्याजोग्या चौदा कारणांची नोंद केली. त्यांत अल्प शिक्षण, कमी ऐकू येणे, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष, हालचालींचा अभाव आणि सामाजिक एकाकीपणा यांचा समावेश आहे. वर्गात गेल्याने स्मृतिभ्रंश टळेलच, असा दावा कोणी करू नये. तथापि नेत्रतपासणी, चार पावले चालणे, चार माणसांत बसणे आणि डोक्याला चालना हे सर्व एकाच उपक्रमात मिळत असेल, तर तो उपक्रम औषधालयाइतकाच समाजाच्या खर्चास पात्र आहे.

शिकणारेच शिक्षक

१९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर व्हेलास यांनी वृद्धांसाठी 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' काढले. तेथे विद्यापीठातील प्राध्यापक शिकवीत. काही वर्षांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे ही कल्पना पोहोचली, तेव्हा पीटर लॅस्लेट प्रभृतींनी तिला वेगळे वळण दिले. निवृत्त सभासदांनीच एकमेकांना शिकवावे, पदवी नको, परीक्षा नको, असे ते स्वरूप होते. खेड्यासाठी हा दुसरा प्रकारच हितकर होय, कारण तेथे प्राध्यापक नसले तरी जाणकार असतात.

याचा पुरावा पुणे जिल्ह्यानेच दिला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याजवळच्या मावळी खेड्यांपासून आरंभ करून महाराष्ट्रभरातील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाची संख्या लाखाच्या वर गेली. त्या गाणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते, आणि तरीही एवढे वाङ्मय त्यांच्या कंठात होते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि ओव्या विस्मरणाच्या वाटेवर लागल्या. ज्यांना निरक्षर म्हणून पाटीसमोर बसवायचे, त्यांच्याचकडून नातवंडांनी वही घेऊन शिकावयाचे, अशी ही दुहेरी शाळा असली पाहिजे. कालव्याच्या पाळ्या, दुष्काळातील दिवस, पालखीच्या मुक्कामाची तयारी, घरगुती औषधे, जुन्या वह्यांतील मोडी अक्षर, कारखान्यातील कारागिरी हे सर्व या परिसरातील ज्येष्ठांचे अभ्यासक्रम आहेत. स्वाध्यायाचे पाचवे अंग ते हेच.

कोण येत नाही, याची नोंद

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ मोठी आहे. त्यांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० पासून कार्यरत आहे. संघांच्या सहली, वाढदिवस, व्याख्याने, आरोग्य शिबिरे यांनी अनेकांचे एकाकीपण हलके केले. परंतु एक प्रश्न प्रत्येक मंडळाने प्रामाणिकपणे विचारावा : आज कोण आले नाही? सहसा येतो तो निवृत्त वेतन असलेला, चालता-फिरता, शिकलेला पुरुष. येत नाही ती विधवा आजी, जिने आजवर सभागृहात आसन घेतलेले नाही. अंथरुणाला खिळलेल्या पतीला सोडून जिला दोन तासही बाहेर पडता येत नाही ती पत्नी येत नाही. रानात वस्तीवर राहणारे जोडपेही येत नाही, कारण तेथून गावात यायला वाहन नसते. उपक्रमाचे यश हजर माणसांच्या टाळ्यांनी मोजू नये. गैरहजर माणसांच्या यादीने मोजावे.

करण्याजोगे

यासाठी नवी इमारत नको. ट्रस्टच्या सभागृहाची दुपार बहुधा रिकामीच असते. आठवड्यातून तीन दिवस, दोन ते चार, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. एक दिवस अक्षर आणि सही, एक दिवस दूरध्वनी व बँकेचे व्यवहार, एक दिवस ज्येष्ठांनी सांगावे व शाळकरी मुलांनी लिहून घ्यावे. वर्ग जात-धर्म न पाहता साऱ्या गावाला खुला असावा. आरंभी एकदा नेत्र व कर्णतपासणी व्हावी. जमिनीवर बसणे ज्यांना अशक्य त्यांच्यासाठी खुर्च्या असाव्यात. वस्तीवरून आणण्यासाठी आठवड्यातून एकदा एखाद्या दानशूराने गाडी द्यावी. जे येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी दोन तरुणांनी जाऊन वाचून दाखवावे आणि तेवढा वेळ घरातील सेवा करणाऱ्या बाईला मोकळीक द्यावी. ती मोकळीक हीही एक शाळाच आहे.

शाळेच्या खोलीला नाव देण्यासाठी देणगीदार सहज मिळतो. त्या खोलीत रोज दार उघडणारा, सतरंजी घालणारा आणि न आलेल्या आजीची चौकशी करणारा माणूस मात्र शोधावा लागतो. पन्नास वर्षांपूर्वी या संस्थेला असे कार्यकर्ते लाभले, म्हणून आजचा दिवस उगवला. त्या पिढीचे ऋण फेडावयाचे असेल, तर तिच्या हाती शालीसोबत एक पाटीही द्यावी, आणि तिच्यासमोर ऐकण्यासाठी चार मुले बसवावीत. पुढील वर्षी याच सभागृहात एखाद्या आजीने उपस्थितांच्या नोंदवहीत अंगठ्याऐवजी स्वतःच्या अक्षरात नाव लिहिले, तर सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे म्हणता येईल.