खुब्याचे हाड सांधल्यानंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टरीण नव्हे. घरी जे शिकले तेवढेच सांगते.

गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडाची ओली पायरी जन्मभर सांभाळून उतरलेल्या आमच्या सासूबाई घरच्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आम्ही म्हटले, सुटलो! पण दुसऱ्याच रात्री त्या मामंजींना हाका मारू लागल्या. मामंजींना जाऊन बारा वर्षे झालेली. कोणी म्हणाले, डोके फिरले. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा. मी तर त्यांच्यावर रागावले. त्याची आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी मला समजावले. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. शरीरावर संकट आले की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. हाड मोडणे आणि शस्त्रक्रिया, ही पाठोपाठची दोन संकटे. एरवी हा रस काम झाले की ओसरतो; उतारवयात तो बरेच दिवस चढलेला राहू शकतो. त्याच्या जोडीचा, रोगाशी झुंजायला बळ देणारा रस वयाबरोबर आटलेला असतो. मग स्नायू झिजतात, रक्तातील साखर वाढते, जंतू लवकर घर करतात, झोप उडते. ग्लासगोच्या कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की, पाय मोडल्यावर अंगातले मांस झिजून लघवीवाटे जाते. भ्रमाला वेदना, औषधे, जंतुसंसर्ग ही कारणेही असतात. म्हणून तो दिसताच डॉक्टरांना कळवावे, अंगारे शोधीत बसू नये.

आम्ही नुसती पेज भरवीत होतो. मग डॉक्टरांना विचारून घट्ट वरण, दही, अंडे सुरू केले. आधार देऊन त्यांना रोज उभे केले. चष्मा हाताशी, मंद दिवा आणि ओळखीचा माणूस उशाशी ठेवला.

आणखी एक. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी कोणी फार दिवस स्टिरॉइडची गोळी घेत असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी ते अवश्य सांगावे. ती गोळी मनाने बंद करू नये. या ग्रंथी तेव्हा सुस्तावलेल्या असतात.

सासूबाई आज काठी टेकीत ओटीवर येऊन बसतात. पूर्वीचा झपाटा नाही, पण मला नावाने हाक मारतात.

भगिनींनो, हाड सांधले म्हणजे माणूस सांधला असे नव्हे. आणि आज घरी गेल्यावर पहिले काम करा: न्हाणीत धरायला एक कठडा बसवून घ्या.