तुमसरातला समुद्र आणि त्यातली काई

तुमसर रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी पकडली तर समुद्र दिसायला सुमारे नऊशे किलोमीटर जावे लागते. आमचे गाव धानाच्या बाजाराचे, राईस मिलचे. जवळच चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी. अशा गावात माझ्या भाच्याने समुद्र घरी आणला. दोनशे लिटरची काचेची टाकी, तळाशी वाळू, भाजलेल्या मातीचे दगड, चार गोगलगायी, एक कोळंबी आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश. हे मासे समुद्रातून ओरबाडलेले नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांची पैदास टाक्यांत करण्याचे तंत्र बसवल्याला बराच काळ झाला. जिवंत प्रवाळ आणायचे नाही, हे भाच्याला मी आधीच बजावले होते. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत.

पाचव्या महिन्यात त्या समुद्राला काई धरली. शाळेत आपण शेवाळ म्हणतो, घरात काई. आधी दगडांवर हिरवी लव, मग बोटभर केस, मग काच अशी हिरवी की भाच्याची सात वर्षांची मुलगी काचेला नाक लावून विचारू लागली, मासे गेले कुठे? भाचा राईस मिलवरून रात्री यायचा, घासायचा, आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवटी म्हणाला, "मामू, विकून टाकतो." एका शेजाऱ्यांनी सोपा उपाय सांगितला, चिमूटभर मोरचूद. धानाच्या बांधीत काई झाली की शेतकरी मोरचूद वापरतात, त्यामुळे सल्ला अगदी अनुभवाचा होता. पण टाकी म्हणजे बांधी नव्हे. मोरचुदातले तांबे मासे एखादवेळ सोसतील, गोगलगायी आणि कोळंबी सोसत नाहीत. ते दगडांत आणि वाळूत मुरून बसते. शिवाय मेलेली काई जाते कुठे? तिथेच सडते, पाण्यातला प्राणवायू ओढते, आणि खाल्लेले सगळे पाण्याला परत करते. म्हणजे पुढच्या काईची पेरणी झालीच. मी भाच्याला म्हटले, मोरचूद राहू दे, आधी हिशेब करू.

मी कवी माणूस, बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाईपुरता. पण हा हिशेब तिसरीच्या मुलालाही जमेल. काईला उजेड लागतो आणि खाऊ लागतो. खाऊ म्हणजे मुख्यतः नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फेट माशांच्या खाण्यातून येते. इथवर सगळ्या टाक्या सारख्याच. तुमसरची खास गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात त्या टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जायचे. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. भाचा ती बोअरच्या पाण्याने घालत होता. पाणी उडाले तरी बोअरमधून आलेले क्षार, नायट्रेट, सिलिका मागेच राहत होते. रोज तीन लिटर धरा, दोन महिन्यांत १८० लिटर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे भारतीय मानक सांगते. तेवढे असलेले पाणी माणसाला योग्यच, पण दोनशे लिटरच्या टाकीत दोन महिन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमची भर पडते.

भाच्याने नायट्रेटची चाचणी केली तर आकडा जवळपास शून्य आला. तो म्हणाला, पाणी तर स्वच्छ आहे. मंडळी, हा आकडा भल्याभल्यांना चकवतो. पाण्यात नायट्रेट दिसत नव्हते, कारण ते सगळे काईच्या पोटात होते.

आमच्या भागातले जुने माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक लाडाने मामा तलाव म्हणतात, त्यांची रचना आठवा. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी ते बांधले. त्यांना पाणी यायची वाट होती, तशी जायचीही होती. सांडवा होता, पाट होते, उन्हाळ्यात गाळ बैलगाडीने शेतात जायचा. काचेच्या टाकीला सांडवा नाही. तो आपल्या हातांनी करावा लागतो.

मग आम्ही सांडवा केला. भर घालायला फक्त आरओचे पाणी. दर रविवारी वीस लिटर पाणी काढून तेवढेच नवे, त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमप्रमाणे सातशे ग्रॅम मीठ. हे मीठ मत्स्यालयासाठीचे हवे. किराणातल्या मिठात समुद्राचे मॅग्नेशियम-कॅल्शियम त्या प्रमाणात नसते. दगड टाकीतून काढलेल्याच पाण्यात, बादलीत, जुन्या टूथब्रशने घासायचे. नळाखाली धरले तर उपयोगी जिवाणूही मरतात. खाणे मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेच. मुलीला हे सर्वांत जड गेले, तिला मासे कायम उपाशी वाटतात. दिवा आठ तास, टायमर लावून, आणि टाकी खिडकीपासून दूर. शिवाय प्रोटीन स्किमर, म्हणजे खाऱ्या पाण्याचा फेस करून त्यासोबत घाण बाहेर काढणारे नळकांडे. त्याच्या कपातला काळपट रस एकदा हुंगलात तर स्वच्छतेवर व्याख्यान लागणार नाही.

आणि एक उपाय माझ्या मनाला भावला. टाकीमागच्या कप्प्यात दिवा लावून एक समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवायचे, कीटोमॉर्फा नावाचे, नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंत्यासारखे. खाऊ त्याने खायचा आणि दर पंधरवड्याला मूठभर उपसून टाकायचा. अमेरिकेत स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास संग्रहालयातले प्रवाळ-विश्व अशाच, वाढवून खरवडायच्या शेवाळावर राखले होते. त्याच्याशी नाते सांगणारी गोष्ट आपल्याकडेही आहे. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, आजच्या गोंदियातल्या अर्जुनी-मोरगाव भागात, मनीष राजनकर यांचे मंडळ आणि ढीवर समाजाचे लोक यांनी तलावांतली बेशरम उपटली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या. नको ते काढल्यावर हवे ते लावायचे, हे त्या मासेमारांनी ओळखले होते.

प्रत्येक डागाला घाबरू नये, हेही सांगतो. नव्या टाकीत येणारा तपकिरी थर डायटमचा, तो सिलिका संपली की बहुधा आपणच जातो. तांबडी चिकट साय दिसली तर ती काई नव्हे, सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू आहेत. ती नळीने ओढून घ्यावी आणि पाण्याचा प्रवाह वाढवावा. उपसलेले शेवाळ मात्र कोकणात गेलात तरी समुद्रात फेकू नका. मोनॅकोच्या मत्स्यालयाजवळ १९८४ मध्ये दिसलेले कौलर्पा हजारो हेक्टर भूमध्य समुद्रतळावर पसरले.

केसाळ काई ओसरायला तीन महिने लागले. पहिला महिना काहीच फरक नव्हता, आणि भाचा मोरचुदाची आठवण काढत होता. दुसऱ्या महिन्यात नवे केस फिकट, तुटके येऊ लागले. आता गोगलगायी उरलेसुरले चरतात. मुलीने काचेवर मार्करने पाण्याच्या पातळीची खूण केली आहे. खुणेखाली पाणी गेले की आरओची बाटली तीच आणते. वीज गेली तर हवेचा पंप चालावा म्हणून बॅटरी ठेवली आहे, कारण मेमध्ये पाणी तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. टाकीवर एक छोटा पंखाही लावला. पाणी त्याने आणखी उडते, पण ते आता मोजलेले असते.