अंतराळवीरांचे स्मरण आणि चौकशीचा अहवाल



अकोल्याच्या माणसाला अमरावतीत प्रमुख पाहुणा म्हणून बोलावावे हा आपला लोभ आहे. मूर्तिजापूर आणि बडनेरा ओलांडले की आपण एकमेकांच्या अंगणात येतो, आणि एवढ्या अंतरात पाहुणेपण काही टिकत नाही. म्हणून घरच्या माणसाने बोलावे तसे, परंतु एका गंभीर विषयावर, मी आज बोलणार आहे.

स्नेहसंमेलनांचा हा जो हंगाम, जानेवारीची अखेर, त्याच आठवड्यात, साले निरनिराळी असली तरी, अंतराळाच्या वाटेवरील सतरा माणसांनी प्राण वेचले आहेत: २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ या यानात ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे; २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजरमधील सात, ज्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतील शिक्षिका होत्या; आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबियामधील सात, ज्यांत कर्नालच्या आपल्या कल्पना चावला होत्या. यांच्या धैर्याचे गुणगान सर्वत्र होते आणि ते यथार्थ आहे. परंतु मला असे निश्चित वाटते की, त्यांचा मृत्यू कसा ओढवला हे जाणून घेण्याचे कष्ट जो घेत नाही, त्याने त्यांच्या तसबिरीला घातलेला हार अपुरा आहे; कारण यांपैकी बहुतेकांना दैवाने नेले नाही, आधीच ठाऊक असलेल्या आणि दुर्लक्षित राहिलेल्या दोषांनी नेले.

कल्पना चावला चंदिगढच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८२ साली विमानविद्येची पदवी घेऊन अमेरिकेस गेल्या, १९९७ साली प्रथम अंतराळात जाऊन आल्या, आणि १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबियातून दुसऱ्यांदा निघाल्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसासारख्या हलक्या आवरणाचा पाऊण किलोच्या आसपासचा एक तुकडा निखळून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. चित्रफितीत तो दुसऱ्याच दिवशी दिसला. पंखाची छायाचित्रे कक्षेत असतानाच घ्यावीत अशी अभियंत्यांनी एकदा नव्हे, अनेकदा मागणी केली. परंतु तिला मंजुरी मिळाली नाही, कारण असे तुकडे पूर्वीही निखळले होते आणि याने तरीही सुखरूप परतली होती. परतताना, उतरण्यास सोळा मिनिटे उरली असता, टेक्सासच्या आकाशात सुमारे साठ किलोमीटर उंचीवर ते यान भंगले. पंखात पडलेल्या छिद्रातून शिरलेल्या तप्त वायूने त्याचा सांगाडा आतून आधीच पोखरला होता. ॲडमिरल गेहमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने पुढे तसाच तुकडा तशाच कडेवर यंत्राने मारून पाहिला, तेव्हा सुमारे सोळा इंचांचे भगदाड पडले. आणि ऑगस्ट २००३ मधील अहवालात मंडळाने निःसंदिग्ध नमूद केले की, या दुर्घटनेला त्या तुकड्याइतकीच अमेरिकेच्या अंतराळ खात्याची कामाची रीतही जबाबदार होती.

चॅलेंजरची कैफियत याहून दुःखद आहे. कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी ताठरतील म्हणून उड्डाण तहकूब करावे, असे तो अग्निबाण बनवणाऱ्या कारखान्याच्या अभियंत्यांनी आदल्याच रात्री दूरध्वनीवरून आग्रहाने सांगितले होते; वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला, आणि उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला सारे संपले. पुढे चौकशीच्या जाहीर बैठकीत रिचर्ड फाइनमन या थोर भौतिकशास्त्रज्ञाने त्या रबराचा एक तुकडा पकडीत आवळून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला, आणि बाहेर काढून पकड सैल केल्यावर तो पूर्ववत होण्यास विलंब लावतो हे सर्वांसमक्ष दाखवले. ज्या प्रयोगाला एक पेला पाणी पुरले, तो सात माणसे मेल्यावर व्हावा, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्याच वर्षी पुढे अशाच शटल यानातून जाण्यासाठी आपल्या देशाने नागपती भट आणि राधाकृष्णन यांची निवड केली होती. या अपघातामुळे ते उड्डाण रद्द झाले.

आणखी एका तरुणाचे नाव आज घेतलेच पाहिजे, कारण ते पंचवीस वर्षे कुणी घेतले नाही. २३ मार्च १९६१ रोजी वालेंतिन बोंदारेंको हा चोवीस वर्षांचा सोव्हिएत उमेदवार प्राणवायू वाढवलेल्या बंद खोलीत एकांतवासाची परीक्षा देत होता; अंग पुसून त्याने टाकलेला मद्यार्काचा कापसाचा बोळा विजेच्या तापल्या शेगडीवर पडला. कपाशीवर ज्यांचे घर चालते त्या तुम्हाला, जिनिंगमध्ये एक ठिणगी पडली तर काय होते, हे मी सांगायला नको. प्राणवायूच्या त्या खोलीत ती आग त्याहून कितीतरी वेगाने भडकली. ही हकीकत १९८६ पर्यंत दडवून ठेवण्यात आली. त्या आगीनंतर सहा वर्षांनी अपोलो-१ चे तिघे शुद्ध प्राणवायूने भरलेल्या यानात, आतल्या बाजूस उघडणाऱ्या दारापाशी, असेच जळाले.

ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर हॅडली दरीजवळ, आपल्या लोणारसारख्याच बसाल्टी पाषाणाच्या मैदानात, माणसाची एक इवलीशी ॲल्युमिनियमची मूर्ती आणि दिवंगत अंतराळवीरांच्या चौदा नावांची एक पाटी ठेवली. ते शीतयुद्धाचे दिवस होते. तरीही त्या पाटीवर अमेरिकन आणि रशियन नावे एकाच वर्णानुक्रमाने लागली आहेत, आणि महिन्यापूर्वीच सोयूझ-११ मध्ये हवा निसटून गेल्याने गुदमरलेले तिघेही तीत आहेत. बोंदारेंकोचे नाव मात्र तीत नाही. ज्याचा अपघात दडवला, त्याची आठवणही त्याबरोबर दडपली गेली.

आपल्याकडे ५ फेब्रुवारी २००३ रोजी पंतप्रधान वाजपेयी यांनी मेटसॅट या हवामान-उपग्रहाला 'कल्पना-१' हे नाव दिले, आणि मृगाच्या तोंडाशी ज्या ढगांच्या छायाचित्रांकडे वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी आशेने पाहतो, तशी छायाचित्रे तो उपग्रह कित्येक वर्षे पाठवीत राहिला. कोणत्याही पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला श्रेष्ठ वाटते. त्याच तोडीची आणखी एक गोष्ट मी २१ ऑक्टोबर २०२३ ची मानतो: गगनयानातील माणसांना संकटसमयी अग्निबाणापासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी श्रीहरिकोटा येथे त्या दिवशी होती; साऱ्या देशाचे डोळे लागलेले असताना उड्डाणास अवघे पाच सेकंद उरले आणि संगणकाला प्रज्वलनात वैगुण्य दिसताच त्याने सर्व काही थांबवले. कुणीही त्यास अपशकुन मानले नाही. दोष शोधला गेला, दूर केला गेला, आणि सकाळी दहा वाजता चाचणी यशस्वी झाली. असे थांबण्याची किंमत सतरा जणांच्या आठवड्याने आधीच मोजलेली आहे.

प्राचार्यमहोदयांस माझी एक विनंती आहे. कोलंबिया चौकशी मंडळाचा अहवाल सर्वांना खुला आहे. तो आपल्या ग्रंथालयात मागवून ठेवावा, आणि पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्याचा सुबोध मराठी सारांश करून महाविद्यालयाच्या पुढील वार्षिकांकात छापावा. आणि त्या सारांशात, पंखाची छायाचित्रे मागणाऱ्या अभियंत्यांचा भाग, मुलांनो, कृपा करून गाळू नका.