विकणे आहे : सागवानी सांगाड्याची मोटार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारींच्या जाहिरातींत 'ओरिजिनल' या शब्दाइतका स्वस्त झालेला दुसरा शब्द नसेल. पाच वर्षं वापरलेल्या मारुतीला कुणी 'ओरिजिनल' म्हटलं तर फारसं बिघडत नाही. रंग कुठे नवा मारलाय ते गाडी उन्हात उभी केली की कळतं. पण गाडी १९३८ सालची असेल तर त्या एका शब्दावर तिची किंमत दुप्पट होते किंवा निम्मी होते. अशीच एक गाडी विक्रीआधी तपासण्याचं काम पोलादपूरजवळच्या एका गावात माझ्याकडे आलं.

मी विमा कंपन्यांसाठी वाहनांची पाहणी करणारा सर्व्हेअर. राहायला महाडला. कशेडी घाटात उलटलेले ट्रक, आंबेनळी घाटात दरडीखाली चेपलेल्या जीप, पुरात बुडालेल्या रिक्षा, हे माझं नेहमीचं काम. टप खाली घेता येणारी डेमलर मोटार काही नेहमीची नव्हे.

पडवीला लागून बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. गर्द हिरवा रंग, लांब बोनेट, रेडिएटरच्या माथ्यावर डेमलरची खूण असलेल्या पन्हळीसारख्या खाचा. दोनच दारं, आणि मागे घडी घालून ठेवलेला कापडी टप. गिअरची तऱ्हा त्या काळच्या डेमलरची खास : दांडीने गिअर आधी निवडून ठेवायचा, मग पायाने पेडल दाबलं की तो पडतो. इंजिनाचं काम पुण्याच्या एका जाणत्या मिस्त्रीने केलेलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. प्रश्न होता तो अंगाचा, म्हणजे बॉडीचा.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स रॉइस, डेमलर यांसारख्या भारी कंपन्यांकडून मोटार घेतली, की पुष्कळदा मिळायची ती फक्त चासी. चाकं, इंजिन, स्टिअरिंग, रेडिएटर, बस्स. वरचं अंग बांधायला ती चासी वेगळ्या कारखान्यात जायची. हे कारखाने मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे, म्हणून अशा गाडीला 'कोचबिल्ट' म्हणायचं. आत अॅश नावाच्या विलायती लाकडाचा सांगाडा, आणि त्यावर हाताने ठोकून, रुळावर फिरवून बाक दिलेला पत्रा. दिसायला मोटार लोखंडाची, पण हाडं लाकडाची. उघड्या गाडीला तर वरून छपराचा आधारही नाही. सगळा ताण चासीवर आणि त्या लाकडावर.

आपल्या मराठी राजघराण्यांनाही याची भारी हौस. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गची चासी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून दोन आसनांची उघडी बॉडी बांधून घेतली. ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घरची मंडळी सीमोल्लंघनासाठी ज्या जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात, ती मेबॅक कंपनीही मुळात चासी आणि इंजिनच बनवायची. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ सालची रोल्स रॉइस, जिला 'स्टार ऑफ इंडिया' म्हणतात, तीही टप उघडणारी, थ्रप अँड मेबर्ली यांनी बांधलेली. ती परदेशी गेली, हातोहात विकली गेली आणि बऱ्याच वर्षांनी राजकोटच्या घराण्याने ती परत आणली. परत आणता आली, कारण ती कोणाची आणि कोणी बांधलेली हे कागदोपत्री पक्कं होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने जुन्या मोटारी बाहेर पाठवायला बंदी केली, पण तोवर कितीतरी गाड्या कवडीमोलाने गेल्या होत्या.

आमच्या पोलादपूरच्या गाडीला असं राजघराणं नाही. या घरातले बाबा मुंबईत एका बॉडी-वर्कशॉपमध्ये सुतार होते. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मालकाकडे द्यायला पगार नव्हता. कोपऱ्यात ही डेमलर पडली होती. इंजिन जाम, टप कुजलेला, दारं लोंबलेली. सुटे भाग आयात करणं दुरापास्त आणि पेट्रोलचा खप अफाट, त्यामुळे त्या काळात असल्या गाडीकडे कोण बघणार? थकलेल्या पगारापोटी बाबांनी ती घेतली आणि ट्रकवर टाकून गावी आणली. महाडच्या पुढे सावित्रीवरच्या ब्रिटिशांच्या वेळच्या ज्या पुलावरून तो ट्रक आला, तो पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला. पण तो विषय वेगळा.

पुढची पंचवीसेक वर्षं बाबा गणपतीला आणि शिमग्याला गावी येत आणि सुट्टीभर गाडीजवळ बसत. आमच्याकडच्या पावसात अॅश टिकत नाही. लाकूड चिवट, धक्का खाणारं, पण ओल लागली की आतून भुसा. बाबांनी एकेक कुजका तुकडा काढला, त्याचा प्लायवूडचा फर्मा कापला, आणि त्या फर्म्यावरून सागाचा नवा तुकडा घडवून बसवला. सागाला वाळवी सहसा लागत नाही. मात्र सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे सरस नीट धरत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक सांधा खाच पाडून बसवला आणि वर पितळी स्क्रू मारले.

मी सीट काढून बॅटरीच्या उजेडात सगळीकडे टोच्या मारून पाहिला. दाराच्या खांबाचं बूड ही अशा गाडीची दुखरी जागा. पाणी तिथेच मुरतं. टोच्या आत गेला नाही. मग एका बाजूचं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दार उघडून लावलं. सांगाडा ढिला असेल तर दार अडतं. या गाडीचं दार कपाटासारखं लागलं. खरं सांगतो, इतका घट्ट सांगाडा मी नव्या जीपचाही पाहिलेला नाही.

तरीही ते लाकूड विलायती नव्हे, आणि दाराच्या उंबऱ्यावर जिथे बांधणाऱ्या कारखान्याची पितळी पट्टी असते, तिथे फक्त चार भोकं होती. पट्टी मुंबईतच कधीतरी कुणी काढून घेतलेली.

विक्रीसाठी मुंबईचा एक दलाल मध्ये होता. नाव सांगत नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं : पट्टी करून मिळते, चार भोकांवर बसवू, जाहिरातीत 'ओरिजिनल इंग्लिश बॉडी' लिहू, आतलं लाकूड कोण सीट काढून बघतोय? आणि माझ्या अहवालात सांगाड्याबद्दल एक ओळ कमी असली तर बरं.

बाबांचा मुलगा महाडला बाजारपेठेजवळ राहतो. २२ जुलै २०२१च्या पुरात त्याचं घर बुडालं. भांडी, कपाटं, मुलांची पुस्तकं सगळं चिखलात गेलं, आणि त्यातच या गाडीचं आरसी बुक आणि जुने फोटोही. घर उभं करायला कर्ज काढलेलं. तो मला हळू आवाजात म्हणाला, "काका, एका ओळीने एवढा फरक पडत असेल तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्याची बहीण पोलादपूरला शिक्षिका आहे. ती म्हणाली, "दादा, त्या पट्टीवर दुसऱ्याचं नाव येणार. मग बाबांनी काय केलं?"

मी त्यांना माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितलं. त्याच जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी मूळ रूपात जपलेली असेल, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अर्जासोबत जुनं आरसी बुक लागतं. गाडी विकली तर दोघांनी नव्वद दिवसांत कळवायचं. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. यामुळे आमचं एक गिऱ्हाईक तिथेच गळलं. ते मंगल कार्यालयवाले होते, त्यांना ती नवरदेवाच्या वरातीला भाड्याने द्यायची होती.

आता कुजलेल्या तुकड्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच आकाराचा तुकडा बसवणं हा फेरफार की दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्ती. छपराची गाडी कापून उघडी केली असती तर तो फेरफार. पण हे सिद्ध करायचं तर मूळ आकार काय होता हे दाखवावं लागतं, आणि फोटो तर पुरात गेलेले.

तेव्हा बहिणीने पडवीतली मागची भिंत दाखवली. खिळ्यांना टांगलेले बाबांचे फर्मे. धुराने काळे झालेले, पण शाबूत. पोलादपूरच्या त्या उंचावर पुराचं पाणी आलंच नव्हतं. प्रत्येकावर पेन्सिलीने जागा आणि वेळ लिहिलेली : 'डावा दरवाजा, खालची पट्टी, शिमगा ७९'. 'टपाची मागची कमान, गणपती ८३'. मी एकेक फर्मा गाडीला लावून पाहिला आणि फोटो काढले. फर्मा, सागाचा तुकडा आणि त्यावरचा जुना पत्रा तिन्ही जुळत होते. पत्रा मूळचाच होता. त्याच्या आतल्या अंगाला हातोडीचे जुने ठोके आणि आधीच्या स्क्रूची बुजवलेली भोकं दिसत होती.

अहवालात मी सगळं लिहिलं. चासी आणि इंजिन डेमलरचं, पत्रा जुना, बांधणाऱ्या कारखान्याची पट्टी नाही, कारखाना अज्ञात, आतला सांगाडा संपूर्ण सागवानी, पोलादपूर येथे केलेला, आणि सोबत फर्म्यांचे फोटो. आरसी बुकासाठी हरवल्याची पोलिसांत नोंद करून, चासीवर कोरलेल्या नंबरासह दुय्यम प्रतीचा अर्ज करायला सांगितलं. दलालाने दुसऱ्या दिवशी फोन उचलणं बंद केलं.

जाहिरात भावाने स्वतः लिहिली. बहिणीने त्यातला 'ओरिजिनल' शब्द खोडला आणि 'सागवानी सांगाडा, सुतारकाम मालकाचे' असं घातलं. दलालाने सांगितलेला आकडा येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, आणि आला नाहीच. पण पुण्याचे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. पहिल्या खेपेला त्यांनी इंजिन ऐकलं. दुसऱ्या खेपेला सीट काढून तासभर फक्त लाकूड पाहिलं आणि मग बोलले तो आकडा भावाचं कर्ज फिटून थोडा उरेल इतका होता. त्यांची एकच अट आहे : भिंतीवरचे फर्मे गाडीबरोबर हवेत. त्यावर भावा-बहिणीचं अजून एकमत झालेलं नाही.