जुना चिरा टाकू नका



अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातले. हे आपणांस कळते ते तेथील दगडावरच्या लेखामुळे. तो दगड गेला असता, तर साक्षही गेली असती.

दूर कंबोडियात बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी अंकोरवट उभारले; चुन्याविना चिऱ्यावर चिरा बसवून. तेथील ता प्रोम मंदिराचे ढासळलेले चिरे ओळखून जागी बसविण्याचे काम २००४ पासून आपल्या पुरातत्त्व खात्याने हाती घेतले.

पालघर, बोईसर-तारापूरकडेही जीर्णोद्धार होतात. नवी फरशी जरूर घाला. पण जुना चिरा, वीरगळ भरावात टाकू नका. त्यांवर पूर्वजांचा हात फिरला आहे. देवळाच्या आवारातच त्यांना जागा द्या, हीच विनंती.