दुसऱ्या लेकराची विचारपूस
(मंडळाच्या मंगळवेढा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्यनिधीचा अहवाल आपण आताच ऐकला. तो निधी आपणा सर्वांस भूषणावह आहे. तथापि ज्या घरातील मूल गंभीर आजाराने अंथरुणास खिळलेले असते, त्या घरात पुष्कळदा दुसरेही मूल असते. ते निरोगी असते, म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याच्याविषयी मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या धाकट्या भावास रक्ताचा कर्करोग झाला. आईवडील त्यास घेऊन मुंबईस गेले व मी येथे काकांकडे राहिले. येणारा प्रत्येक जण "बाळ कसा आहे?" असे विचारी आणि "तू शहाणी आहेस, आईला त्रास देऊ नकोस," असे बजावून जाई. आदल्या आठवड्यात भांडणाच्या भरात मी त्यास ओट्यावरून ढकलले होते. त्यामुळेच हे घडले, असे मी मनाशी धरून बसले. काकूंनी मला काही कमी पडू दिले नाही. पण माझ्या मनात काय आहे, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. भाऊ गेला, आणि ते ओझे मी कित्येक वर्षे वाहिले.

आज या रोगातून पुष्कळ मुले बरी होतात. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून कार्य करीत आहे. आपल्या जिल्ह्यात बार्शीसही कर्करोग रुग्णालय आहे. परंतु मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुधा दोन ते तीन वर्षे चालतात. गावी राहिलेल्या भावंडास एवढा काळ आईवडिलांची वाट पाहावी लागते.

थॅलेसेमियासारख्या आजारात अस्थिमज्जा-रोपणासाठी प्रथम सख्ख्या भावंडाचीच तपासणी होते. ती जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. न जुळल्यास "मी भावाच्या उपयोगी पडलो नाही," हा सल कोवळ्या मनात राहतो. यात तुझा काही दोष नाही, हे तपासणीपूर्वीच त्यास सांगितले पाहिजे.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. निधीचा धनादेश घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने त्या घरातील निरोगी मुलाचेही नाव विचारून घ्यावे. त्याच्या शाळेची, अभ्यासाची व वाढदिवसाची आठवण एका कुटुंबाने आपल्याकडे घ्यावी. आजाराचे नाव त्यास कळेल अशा शब्दांत सांगावे. हा रोग स्पर्शाने होत नाही, भांडणाने वा रागावण्यानेही होत नाही, हे स्पष्ट सांगावे. शक्य तेव्हा त्याची व भावंडाची भेट घडवावी. त्यास अकाली प्रौढ करू नये. रुसण्याचा हक्क त्यालाही आहे.

दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली, ते हे मंगळवेढा. त्यांच्या दारी भुकेलेले आपण होऊन आले. हे लेकरू मात्र मागावयास येत नाही. आपणच त्याच्यापर्यंत गेले पाहिजे. पुढील वेळी अशा घरी जाल, तेव्हा दाराआड उभ्या असलेल्या मुलास जवळ बोलावून "तू कसा आहेस?" एवढे अवश्य विचारा.