वणव्याच्या दिवसांत रानाचं दार



आपल्या शिरोळ तालुक्यात जंगल नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या काठची मळीची रानं आहेत, ऊस आहे, भाजीपाला आहे. मग जयसिंगपूरच्या माणसाने वणव्यावर का बोलावं? कारण आपलं पाणी जंगलातून येतं. पंचगंगेला मिळणारी भोगावती राधानगरीच्या रानातून उतरते आणि वारणा चांदोलीच्या रानातून. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावाने आपलं हे गाव वसवलं, त्यांनीच राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. त्या धरणाच्या पाठीमागचं दाजीपूरचं रान एके काळी संस्थानच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. पुढे १९५८ साली तेच महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं. आज राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. तिथल्या डोंगरावरचं गवत आणि झाडोरा जळून गेला, की वळवाच्या पहिल्या सरीबरोबर उघडी पडलेली माती धरणात उतरते. त्या धरणाचं पाणी आपण उसाला देतो.

फेब्रुवारी संपत आला की सह्याद्रीच्या सड्यांवरचं गवत पिवळं पडतं. होळीपर्यंत ते काडीसारखं वाळतं. दुपारी कोकणातून वारा घाट चढून वर येऊ लागतो, आणि मग एखादी ठिणगीही पुरते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज पडते ती बहुधा वळवाबरोबर, पावसाला सोबत घेऊन. त्यामुळे इथला जवळजवळ प्रत्येक वणवा माणसाच्या हाताने लागतो. कुणी बांध पेटवतो आणि आग डोंगरावर चढते. कुणी शिकारीसाठी लावतो. जुनं गवत जाळलं की नवं जोमाने फुटतं, असा समज आहे. राखेवर आठ-पंधरा दिवसांत हिरवा कोंब दिसतो हे खरंच, पण दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर जनावर आवडीने खाईल असं गवत हळूहळू मागे पडतं आणि निबर कुसळी पुढे सरकते. आपणही विस्तवाला सरावलेली माणसं आहोत. ऊस तुटला की पाचटाला काडी लावायची ही आपल्या शिवारातली जुनी रीत. पाचटाची कुट्टी करून ते खोडव्यात ठेवा, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो आहे, तरी संध्याकाळी शिवारात धूर दिसतोच. हीच सवय घेऊन आपण रविवारी दाजीपूरला, आंब्याला, गगनबावड्याला, नाहीतर जवळच्या दंडोबाच्या डोंगरावर जातो. तिथे तीन दगडांची चूल मांडतो, जेवतो आणि निखाऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून निघतो. वरून विझलेला निखारा आत कितीतरी वेळ धुमसत राहतो.

म्हणून एक मागणी अलीकडे वारंवार कानावर येते. वणव्याच्या दिवसांत जंगलं लोकांना बंदच करून टाका. त्यावर लगेच दुसरा आवाज उठतो. जंगल काय सरकारच्या मालकीचं आहे का? मला दोन्ही आवाजांत तथ्य दिसतं, आणि म्हणूनच हा प्रश्न नीट सोडवून पाहायला हवा.

आधी बंदीच्या बाजूचं. २०१८ सालच्या ११ मार्चला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली मंडळी वणव्यात सापडली. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते तापवतात, सुकवतात आणि मग एकदम पेटवतात. डोंगराची ओळख नसलेला माणूस अशा वेळी वरच पळतो, म्हणजे आगीच्याच वाटेने. त्यानंतर तमिळनाडूने ट्रेकिंगसाठी नियम केले. कर्नाटकात कुद्रेमुख, कुमारपर्वत अशा वाटा उन्हाळ्यात बंद ठेवल्या जाऊ लागल्या. दुसरी घटना आपल्याच राज्यातली. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. वणव्यासमोर सगळ्यात पुढे उभा असतो तो हा रोजंदारीवरचा माणूस. हातात हिरवी डहाळी, फार तर पाठीवर पाला उडवणारं ब्लोअर यंत्र. जंगलात सहलीची माणसं अडकली असतील, तर त्याला आग सोडून आधी त्यांना शोधायला जावं लागतं. आपल्या एका रविवारसाठी त्याने किती धोका पत्करायचा? एवढ्या एका कारणासाठी तरी, धोक्याच्या दिवशी पर्यटकाला दारावरूनच परत पाठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात दाजीपूर पर्यटनासाठी बंद असतं, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. चिखलाची बंदी आपल्याला पटते, मग आगीची पटायला काय हरकत आहे?

पण रानात जाणारा प्रत्येक माणूस पर्यटक नसतो. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपास एकामागून एक आगी लागल्या. नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकलं. अभयारण्यांत विनापरवाना जायला सरकारने मनाई केली. पण मार्च म्हणजे तिथल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम. बोंडू गोळा करायला माणूस सकाळीच बागेत जाणार, आणि त्याची बाग रानाला लागून किंवा रानातच. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या अशा कित्येक जमिनींची मालकी अजून कागदावर चढलेली नाही. झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी पद्धत तिथेही आहे आणि ती बदलायलाच हवी. पण हा माणूस आणि गाडीतून आलेली सहल यांना एकाच हुकुमाने कसं अडवायचं? आपल्याकडे राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरांतल्या धनगरवाड्यांचं तसंच आहे. त्यांची घरं रानात, म्हशी रानात, पाणवठाही रानातच. त्यांनी रान बंद असताना कुठे जायचं?

इथे कायद्याकडे पाहावं लागतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा ठरवतं, ते योग्यच आहे. पण त्याच कलमात पुढे आणखी एक तरतूद आहे. अशा जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हव्या तितक्या काळासाठी थांबवू शकतं. ज्यांचे हक्क थांबणार त्यांनीच आग लावलेली असावी, अशी अट त्यात नाही. म्हणजे सिगारेट टाकणारा एक, आणि म्हशी उपाशी राहणार दुसऱ्याच्या. कायदा झाला तेव्हा रविवारची सहल हा प्रकारच नव्हता. तेव्हाच्या सरकारच्या डोळ्यांपुढे होता तो गुराखी.

त्यानंतर तीनच वर्षांनी काय झालं ते आपल्या भागाला ठाऊक आहे. १९३० च्या १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी वारणेच्या काठी, शिराळ्याकडच्या बिळाशीत जंगल सत्याग्रह पेटला आणि पोलिसांनी तो दडपला. २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला गोळीबारात माणसं मारली गेली. मूठभर गवताचा आणि सरपणाचा हा झगडा होता. वनखात्याच्या पाटीवर ‘प्रवेश बंद’ वाचताना डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, ती एवढी जुनी आहे.

मग बंदी टिकते तरी कशी? मला याचं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात दिसतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९ साली मिळवला आणि पाचगावाला तो २०१२ साली मिळाला. त्या भागात तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातली रोख कमाई. पण तेंदूला कोवळी पानं चांगली फुटावीत म्हणून झुडपं छाटतात आणि रानाला आग लावतात. पाचगावच्या ग्रामसभेने बसून विचार केला आणि तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. गरीब गावाने हातातली रोकड सोडली, कारण रान आता त्यांचं होतं आणि बांबूपासून मिळणारं उत्पन्न त्यांना पुढची कितीतरी वर्षं हवं होतं. एखाद्या गावाने स्वतःवर घातलेली याहून कडक बंदी मला माहीत नाही. वरून हुकूम आला असता, तर हीच बंदी किती दिवस टिकली असती?

जगात इतरत्रही हा वाद चालू आहे. कॅलिफोर्नियात २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तिथली सगळी राष्ट्रीय वनं काही आठवडे बंद ठेवली होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताने २०२५ च्या ५ ऑगस्टपासून जंगलात पायी फिरायला, तंबू ठोकायला, मासेमारीलाही मनाई केली. दंड २५ हजार डॉलर. लोक चिडले. त्यात आठवडाभराने तिथे एक मोठी आग लागली ती विजेमुळे. मग माणसांना बाहेर काढून काय मिळवलं, असं विचारलं गेलं. माझ्या मते मिळवलं ते हे, की विझवणाऱ्यांना त्या दिवसांत दुसरीकडे धावावं लागलं नाही. पण सगळ्या प्रांताला एकच कुलूप, हे मलाही पटत नाही. मला आवडते ती दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय शहराभोवतालची पद्धत. तिथे उन्हाळ्यात प्रत्येक डोंगररांगेसाठी त्या-त्या दिवसाचा धोका रंगाने सांगतात. तो आदल्या संध्याकाळीच जाहीर होतो. लाल असेल तर त्या डोंगरावर जायचं नाही, शेजारच्या डोंगरावर कदाचित चालेल. वारा पडला की परवा पुन्हा खुलं.

हे आपल्याकडे करता येणार नाही असं नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणं टिपते आणि इशारे मोबाईलवर पाठवते. आग लागण्याची शक्यता कुठे जास्त आहे, याचा अंदाजही ती देते. वनखात्याला तापमान कळतं, वाऱ्याचा वेग कळतो. मग आदल्या संध्याकाळी आकाशवाणीवरून हवामानाच्या पाठोपाठ सांगता येईल, की उद्या दाजीपूर बंद, आंबा खुलं, दंडोबावर चूल पेटवायला मनाई. मिरजेच्या स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसालाही ते ऐकू जाईल.

या बंदीत काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतील. हुकूम लेखी असावा, त्यात कारण आणि शेवटची तारीख असावी, आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. नाहीतर आगीच्या नावाने बंद झालेलं दार बंदच राहतं, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. धनगरवाड्यावरच्या आणि काठच्या गावांतल्या माणसाला जाण्यायेण्याची मोकळीक असावी, फक्त काडेपेटी घरी ठेवून. धूर सगळ्यात आधी त्यालाच दिसतो. त्याला बाहेर काढलं, तर रानाचे डोळेच काढून घेतल्यासारखं होईल. बंदीच्या दिवशी दाजीपूरचा गाडीवाला आणि वाटाड्या यांची रोजी बुडते. त्यांना त्या दिवसांत जाळरेषांच्या आणि गस्तीच्या कामावर घ्यावं आणि मजुरी वेळेवर द्यावी. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, फेब्रुवारी उजाडण्याआधी तयार हवेत. मार्चमध्ये निधी आला, तर तो राखेवर खर्च होतो.

आणि काही ठिकाणी बंदीचा विचारही करू नये. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो माणसं चढतात, ऐन उन्हाळ्यात. तिथे वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत आधी कापून न्यावं. गवत जनावरांना मिळेल, वाट सुरक्षित होईल आणि चांगभलं म्हणत जाणाऱ्याला कुणी अडवणार नाही.

शेवटी आपल्या हातातली एक गोष्ट सांगतो. डोंगरावर धूर दिसला तर १९२६ या क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्र वनविभागाची ती हेल्पलाइन आहे. फोनवर जवळच्या गावाचं नाव सांगा, डोंगराच्या कोणत्या अंगाला धूर आहे ते सांगा, वारा कुठून कुठे वाहतोय आणि तिथवर गाडी जाते की पायी जावं लागतं तेही सांगा. सड्यावरून नेमकी जागा सांगता येत नसेल, तर मोबाईलवरचं ठिकाण पाठवून द्या. स्वतः मात्र आगीच्या वरच्या अंगाला थांबू नका. आग येण्याआधी बाजूला सरका आणि आधीच जळून काळ्या झालेल्या किंवा गवत नसलेल्या उघड्या जागेवर जाऊन उभे राहा. वनरक्षक आला की तो सांगेल तसं करा.